पत्रात नसलेली बकरी

माझ्या फजित्या मीच रंगवून सांगतो. सासऱ्यांना पाठवलेल्या पार्सलवर स्वतःचाच पत्ता लिहिला आणि आठवड्याने सही करून मीच ते घेतलं, ही गोष्ट इथे सुरतेच्या उधन्यात निम्म्या लोकांना पाठ आहे. ही मात्र आजवर तोंडातून निघाली नाही. बायकोपाशीही नाही. हिच्यात हसण्यासारखं काही नाही म्हणून? नाही हो, आहे. लोक हसले होते. त्याचाच तर संताप येतो.

आमच्या चाळीत तेव्हा सगळे खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेले. मी दहावी नापास, म्हणजे तिथला विद्वान. सुट्टीच्या दिवशी गावाकडून आलेली पत्रं मी ओट्यावर बसून वाचायचो. वाचायचो कसला — तमाशा करायचो! पत्राची सुरुवात ठरलेलीच असते ना: इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे. ती ओळ मी बंद पत्र कपाळाला लावून, डोळे मिटून म्हणायचो. मगच पत्र उघडायचो. टाळ्या पडायच्या. पुढे कुणाच्या म्हशीची, कुणाच्या सासूची पदरची भर. कुणाचं काय बिघडत होतं?

शेजारच्या जिजाताईचं पत्र आलं, तेव्हाही तेच. ती मला राखी बांधायची. अगदी पुढे बसली होती. मी डोळे मिटले, खुशाली गायली, टाळ्या घेतल्या. मग पत्र उघडलं. तिच्या भावाने दोनच ओळी लिहिल्या होत्या — आई अंथरुणाला खिळली आहे, सारखं तुझं नाव घेते. मिळेल त्या गाडीने ये.

काय अवघड होतं? थांबा, चुकलो — एवढंच म्हणायचं होतं. पण वीस जण माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला, या गाढवाला, आपलं हसं होईल याची भीती वाटली! मी वाचत राहिलो. आई बरी आहे. बकरीला दोन पिल्लं झाली. एक पिल्लू आईच्या अंथरुणात शिरून झोपतं. जिजाताई तोंडाला पदर लावून हसली.

संध्याकाळी तिला एकटीला गाठून सांगू, असं ठरवलं. संध्याकाळी धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी — दुसऱ्या दिवशी तरी काय झालं होतं मला? पाचव्या दिवशी गावचा माणूस आला. आई गेली होती.

माहेरच्या दारातच भावाने विचारलं, पत्र टाकलं तरी का आली नाहीस? ती म्हणाली, पत्रात तसं काही नव्हतंच. तो तिला खोटारडी म्हणाला, चार लोकांत. तिचं माहेर त्या दारात संपलं. परत आल्यावर तिने मला एकदाच विचारलं — भाऊ, तू नीट वाचलं होतं ना? मी म्हणालो, हो. तिने ते पत्र दुसऱ्या कुणालाही दाखवलं नाही. राखीच्या भावावर संशय कसा घ्यायचा? सख्ख्यावर घेतला.

परवा तिची नात कोमल मला त्यांच्या घरी बोलावून घेऊन गेली. जिजाताईच्या पेटीत तेच एक पत्र जपलेलं. कोमल मराठी बोलते, पण शिकली गुजराती शाळेत. तिला ते अक्षर लागत नाही. फोनवर रेकॉर्डिंग लावून तो माझ्यापुढे धरून म्हणाली, "आजोबा, वाचा ने! घरात सगळ्यांना ऐकवायचंय. आजी सांगते ते नको, खरं पत्रच पाहिजे."

कागद उलगडला. दोन ओळी होत्या तिथेच होत्या. या वेळी समोर वीस जण नव्हते. एक म्हातारी बाई आणि एक पोरगी.

मी वाचलं — इकडे सर्व खुशाल. आई बरी आहे. मग थांबलो. पुढचं आठवेना, आणि दिसत होतं ते वाचवेना.

"भाऊ, बकरीनं ऱ्हायनं ना!" जिजाताई म्हणाली. "इसरी गया का?"

मी बकरी वाचली. दोन्ही पिल्लं वाचली. अंथरुणात झोपणारंही. तिने तोंडाला पदर लावला, तसाच. फोनमध्ये ते सगळं आहे, माझ्या आवाजात, खणखणीत.

कागदावर दोनच ओळी आहेत. त्या घरात कुणाला त्या वाचता येत नाहीत. मला येतात.