मामांचा वाकडा पाना

माझ्या मामांनी उभ्या जन्मात एकही वस्तू ती जशी घडली तशी वापरली नाही. निजामाचं राज्य होतं. मामा नांदेड-लातूर ही प्रवाशांची सर्व्हिस मोटार चालवायचे, दुरुस्तीही स्वतःच करायचे, आणि नवा पाना आणला की आधी लोहाराच्या भट्टीत घालायचे. "कंपनीनं काय माझा हात बघून केलाय का त्यो?" असं वर विचारायचे. एखाद्या अडचणीतल्या नटापाशी पाना पोचत नसला की तो वाकवायचा, दांडा कापायचा, तोंड कानशीनं घासायचं. ही खोड मोटारीपुरती असती तर ठीक होतं, पण लोणच्याच्या बरणीचा तळ गाठावा म्हणून त्यांनी घरातली पळीही अशी काही वळवली की वरण ताटात पडायच्या ऐवजी वाढणारीच्या पदरावर पडायचं! तेव्हापासून मामी सांडशी पेटीत कुलूप लावून ठेवायची.

माझं लग्न लातूरला, गोरज मुहूर्तावर होतं. वऱ्हाड नांदेडहून मामांच्याच मोटारीतून निघालं. मामीनं "लग्नात तरी माणसासारखे ऱ्हावा" म्हणत वाकड्या पान्यांची पिशवी गुपचूप घरीच ठेवली आणि सीटखाली कोरे, चकचकीत पाने ठेवले. आणि नेमकी अहमदपूरच्या पुढं मोटार थांबली! पाण्याच्या पंपाचा मागचा नट ढिला होऊन सगळं पाणी रस्त्यावर. नट डोळ्यांना दिसत होता, पण मध्ये लोखंडी पट्टी. सरळ पाना आत जाईल तर शपथ. मामांनी पिशवी मागितली. मामीनं मान खाली घातली. वडील रडकुंडीला येऊन बैलगाडी शोधायला निघाले, पण बैलगाडीनं कसला मुहूर्त गाठतोय! तो टळला तर सासरची माणसं काय म्हणतील, या धास्तीनं मीही वडिलांच्या मागं निघाले.

"कुणी हलायचं न्हाई," मामा गरजले. "माझी भाची ह्याच मोटारीतून मांडवापुढं उतरणार." कोरा पाना घेऊन ते जवळच्या गावातल्या लोहाराकडं धावले, धोतर खोचून स्वतःच घण मारला. परत येऊन बघतात तर बाक उलट्या अंगाला! हात्तिच्या! पुन्हा धावले. या खेपेला पाना पट्टीला वळसा घालून बरोबर आत गेला, पण दांडा अडकला. मग वऱ्हाडाबरोबर आलेल्या भटजींना एक टोक धरायला लावून तिथंच लोखंड कापायच्या करवतीनं दांडा कापला. भटजी स्तोत्र पुटपुटत होते, मामा भलतंच काही पुटपुटत होते. नट आवळला, विहिरीचं पाणी भरलं, आणि मामांनी मोटार अशी हाणली की सगळं वऱ्हाड जीव मुठीत धरून बसलं. मांडवापुढं उतरलो तेव्हा अंतरपाट धरायची तयारी चालली होती. नवरीला बोहल्यावर न्यायचा मान मामाचा; हात धुवायला सवड कुठली, तशाच काळ्या हातांनी त्यांनी मला नेलं.

मामा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. पण लग्नाची ती रात्र अजून आठवते. पंगत बसली तरी ते कुठं दिसेनात. नमस्कार राहिला होता म्हणून मी मामीला घेऊन शोधायला गेले, तर मोटारीच्या पायरीवर एकटेच बसलेले. मी म्हटलं, "मामा, तुम्ही होतात म्हणून मुहूर्त साधला."

"हाव," ते म्हणाले. मग काळे हात धोतराला पुसत म्हणाले, "दिवसभर जीव तोडून तुला पोचवलं, माय. आन् आता वाटून राहिलं, त्यो नट आवळलाच नसता तर बरं झालं असतं."