डोणजे फाट्यावरचे खांबेटे

गोपाळकृष्ण खांबेटे आमच्याकडे पहिल्यांदा आले ते चूक दाखवायला. २००९ सालची गोष्ट. धायरी फाट्यावर माझं नळाच्या सामानाचं दुकान आहे आणि आमच्या सायकल गटाचं पत्रक मी दुकानाच्या काचेवर लावलेलं होतं. साठीचे एक सडपातळ गृहस्थ ते वाचत बराच वेळ उभे राहिले. मग आत आले आणि म्हणाले, की यातल्या नकाशात किरकटवाडी आधी आणि नांदेड फाटा नंतर दाखवलाय, हे कुणाचं काम? माझंच होतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, पत्रक काचेवरून सोडवून घेतलं आणि माझ्याच काउंटरवर ठेवून दुरुस्त केलं.

"आता कुणी हरवलं तर ते स्वतःच्या अकलेने हरवेल," म्हणाले आणि निघून गेले. पुढच्या रविवारी पहाटे सहाला काळी, जुनी, चोवीस इंची सायकल घेऊन हजर.

खांबेट्यांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढण्याचं काम केलं होतं. सदाशिव पेठेतून कचेरीत आणि परत, रोज सायकलने. निवृत्तीनंतर ते आणि हेमाताई आनंदनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. हेमाताई शाळेत गणित शिकवायच्या. मुलगी नीरजा लग्न होऊन बंगलोरला होती. मी धायरीचाच, रायकरांचा. आमच्या ज्वारीच्या रानात आता सोसायट्या आहेत. पेठेतल्या माणसाशी आपलं काय जमणार, असं मला वाटलं होतं. पण जमलं. ते मला जयसिंगराव म्हणायचे. माझ्या वडिलांनंतर माझ्या नावापुढे राव लावणारे ते एकटेच.

दर सव्वीस जानेवारीला आमची मोठी फेरी असते. स्वारगेटपासून निघायचं, खडकवासल्यावरून डोणजे फाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. दोनशे-अडीचशे माणसं येतात. त्यात गिअरच्या महागड्या सायकली घेतलेली आयटीतली पोरं असतात, तशी वीस वर्षांत सायकलला पाय न लावलेली माणसंही असतात. खांबेटे नेहमी सगळ्यांत मागे राहायचे. ज्याला दम लागलाय, ज्याची चेन निसटलीय, जो मनातून परत फिरायचं ठरवतोय, त्याच्या शेजारून ते त्याच्याच वेगाने चालवत. उत्तेजन वगैरे देत नसत. एका दमलेल्या बाईंना ते म्हणाले होते, "परत फिरायचं असेल तर जरूर फिरा. अंतर तेवढंच पडेल." त्या बाई नंतर दरवर्षी यायला लागल्या.

फेरीचा नकाशाही तेच हाताने काढायचे. फाटे, पाण्याची ठिकाणं, चढ, सगळं. छापलेल्यापेक्षा स्वच्छ अक्षर.

२०१२ च्या नकाशात अक्षरं बारीक आली. छापणाऱ्याने मला फोन केला, की वाचता येत नाहीये. मी खांबेट्यांना सांगितलं तर त्यांना राग आला. वाचणाऱ्यांनी चष्मा लावावा, म्हणाले. पुढच्या वर्षी अक्षरं आणखी आकसली. 'खडकवासला' ही सहा अक्षरं मुंगीएवढ्या जागेत बसवलेली. त्याच सुमारास चहा पिताना त्यांच्या डाव्या हातातली बशी वाजायला लागली. आम्ही सगळे न ऐकल्यासारखं करायचो.

एका रविवारी चहाच्या टपरीवर त्यांनीच सांगितलं. कंपवात. बैठकीची तारीख बदलली असं सांगावं, तशा आवाजात सांगितलं. अक्षर बारीक होणं हे त्याचंच लक्षण असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. "म्हणजे छापणाऱ्याचं निदान पहिलं," ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

दीडेक वर्षात त्यांचं चालणं गेलं. म्हणजे पाय होते, ताकद होती, पण पाऊल उचललं जायचं नाही. उंबऱ्याशी आले की जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. बोटबोटभर पावलं टाकत दहा फूट जायला पाच मिनिटं. ते यायचे बंद झाले. मी घरी भेटायला जायचो तेव्हा ते खिडकीशी बसलेले असायचे आणि मला रस्त्यावरच्या सायकलस्वारांच्या चुका सांगायचे.

मग २०१४ च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी, आम्ही दुकानासमोर जमत होतो तेव्हा, मला लांबून ती काळी सायकल दिसली. वर खांबेटे. ताठ बसलेले, सरळ रेषेत येणारे. मागून स्कूटरवर हेमाताई. त्यांनी पुढे होऊन सायकल धरली, खांबेट्यांना उतरवलं, आणि उतरताक्षणी ते पुन्हा तेच झाले. जागच्या जागी खिळलेले, थरथरणारे.

माझी आई, तुळजाबाई, दुकानाच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "मानसाला चालता येईना आन् सायकल कशी काय चालीवतो ह्यो?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. हेमाताईंनी सांगितलं, की डॉक्टर म्हणतात काहींच्या बाबतीत असं होतं. चालणं विसरलेलं शरीर सायकल विसरत नाही. चालवायला लागले की हातही थरथरत नाही. अडचण फक्त थांबण्याची. ब्रेक लावल्यावर पाय वेळेत जमिनीवर येत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं, की थांबताना त्यांना कुणीतरी धरायचं. बहुतेक वेळा मीच असायचो. सिग्नल आला की मी आधी पुढे जाऊन उतरायचो आणि ते आले की सीट पकडायचो. निघताना एक हलका धक्का. दीड-दोन वर्षं असं चाललं. त्या दोन वर्षांत मी त्यांना जितकं बोलताना ऐकलं तितकं आधी कधी ऐकलं नव्हतं. किरकटवाडीच्या पुढे रस्ता मोकळा झाला की ते कचेरीतल्या गोष्टी सांगायचे, हेमाताईंना पहिल्यांदा पाहिलं ते सांगायचे. एकदा म्हणाले, "जयसिंगराव, आठवड्यात हे दोन तास मी आजारी नसतो." मी पायडल मारत राहिलो.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये ते पडले. डोणजे फाट्याजवळ पुढचा टेम्पो अचानक थांबला. त्यांनी ब्रेक लावला, पाय खाली आला नाही, आणि मी पोचायच्या आत ते झाड कोसळावं तसे बाजूला कोसळले. खांद्याजवळचं हाड मोडलं. मागून येणारी एस.टी. वीतभर अंतरावर थांबली. रस्त्यावर पडल्या पडल्या त्यांनी आधी विचारलं ते सायकलचं.

हाड तीन महिन्यांत जुळलं. डिसेंबरात त्यांचा निरोप आला, की सव्वीस जानेवारीला मी येतोय.

त्यानंतर चार दिवसांनी, भर दुपारी, हेमाताई दुकानात आल्या. मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की खांबेटे पडले त्या दिवसापासून आपल्याला झोप लागत नाही. डोळा मिटला की ती एस.टी. दिसते. खांबेटे घरात बसून नुसते सव्वीस जानेवारीचे दिवस मोजतायत.

"तुम्ही त्यांना नाही म्हणा," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं तर ते थांबतील. माझं ऐकतील. पण मग उरलेलं आयुष्य मला त्यांच्यासमोर काढायचंय, जयसिंग."

मी म्हटलं, की आम्ही सांभाळू, दोन माणसं ठेवू. त्यांनी मान हलवली. "सप्टेंबरातही तुम्ही होतातच की," म्हणाल्या. आवाजात दोष नव्हता. त्या आल्या होत्या हे मी खांबेट्यांना कधीच सांगणार नाही, असा शब्द त्यांनी घेतला आणि त्या गेल्या.

मी रविवारी त्यांच्या घरी गेलो. हेमाताई चहा ठेवायला आत गेल्या. मी खांबेट्यांना सांगितलं, की यंदा फेरीचा विमा उतरवलाय आणि विमा कंपनीचं पत्र आलंय. आजारी माणसाला सायकल चालवू देता येणार नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या आजारात चेहरा हलेनासा होतो, त्यामुळे काय चाललंय ते कळत नाही. मग म्हणाले, "पत्र दाखवा."

मी म्हटलं, दुकानात राहिलंय.

"कुठलं कलम?"

आत चहाचे कप वाजले आणि थांबले.

"खोटं बोलणं तुम्हाला जमत नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही घरापर्यंत येऊन खोटं बोललात, म्हणजे निर्णय पक्का दिसतो. ठीक आहे. मला दुसरं काहीतरी काम द्या."

मी त्यांना डोणजे फाटा दिला. तिथून फेरी परत वळते. माणसं सरळ पानशेतकडे जाऊ नयेत म्हणून कुणीतरी झेंडा घेऊन लागतं. सव्वीस जानेवारीला हेमाताईंनी त्यांना गाडीतून आणलं. कानटोपी, स्वेटर, गुडघ्यावर शाल. खुर्चीत बसवलं, हातात लाल झेंडा दिला. झेंडा सारखा फडफडत होता, वारा नसताना. एका पोराने कौतुकाने म्हटलं, की काका, किती उत्साहाने हलवताय. खांबेटे म्हणाले, "मी हलवत नाहीये. मी तो थांबवायचा प्रयत्न करतोय."

दोनशे माणसं त्यांच्यासमोरून वळून गेली. शेवटचा सायकलस्वार येईपर्यंत ते बसून होते. मी परत निघताना त्यांना नमस्कार केला. "या, रायकर," ते म्हणाले.

जयसिंगराव गेला तो त्या दिवशी. पुढे मी घरी गेलो की ते अदबीने बोलायचे, चहा घ्या म्हणायचे, धंदा कसा चाललाय विचारायचे. मला टोमणा मारणं त्यांनी बंद केलं. पुण्याच्या माणसाने टोमणा मारणं बंद केलं की समजावं, आपण परके झालो. माझी बायको, विजयमाला, म्हणायची की सांगून टाका एकदाचं. मी म्हणायचो, शब्द दिलाय.

आणि सायकल सुटल्यावर ते फार लवकर खालावले. २०१८ च्या जानेवारीत ते फाट्यावर आले, पण झेंडा धरता येईना, आम्ही तो खुर्चीला बांधला. जूनपर्यंत अंथरुणाला खिळले. सायकल सुटली म्हणून असं झालं, की व्हायचंच होतं, हे मी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हेच उत्तर त्यांनी हेमाताईंनाही दिलं होतं, हे मला नंतर कळलं.

जुलैत मी गेलो तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की तोंडाशी कान न्यावा लागायचा. हेमाताई औषध आणायला खाली गेल्या होत्या. खांबेट्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"ते पत्र," ते म्हणाले. "आलंच नव्हतं ना?"

मी म्हटलं, नाही.

"तुमच्या डोक्यातलं नव्हतं ते. मी पुन्हा पडलो असतो तरी तुम्ही मला सायकल चालवू दिली असती." मग बराच वेळ श्वास घेत राहिले. "हिने सांगितलं."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांचे डोळे भरले होते. चेहरा मात्र तसाच, दगडासारखा. जिन्यात पावलं वाजली.

"मला कळलंय हे तिला सांगू नका, जयसिंगराव," ते म्हणाले. "तिला आणखी एक ओझं नको." मी शब्द दिला.

सप्टेंबरात, गणपती उठल्यावर तीन दिवसांनी, छातीत कफ साठून ते गेले. नीरजा आदल्या दिवशीच येऊन पोचली होती. आमच्या गटातले तीस-चाळीस जण वैकुंठ स्मशानभूमीत आले. बरेचसे सायकलवरच आले होते. सायकली बाहेर भिंतीला लावून सगळे हेल्मेट हातात धरून उभे राहिले.

तेराव्यानंतर मी गेलो. नीरजा परत गेली होती. घर आवरलेलं होतं. खिडकीशी ठेवलेली खुर्ची हलवलेली होती. हेमाताईंनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. त्यांनी विचारलं, की मी खांबेट्यांना ते कधी सांगितलं होतं का. मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं.

"म्हणजे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी ती हवी तशी घेतली.

"तुम्ही शब्द पाळलात," त्या म्हणाल्या. "पण मला वाटतं, कळायला हवं होतं. रागावले असते, दोन-चार दिवस जेवले नसते. मग मी म्हटलं असतं, मला तुम्ही हवे होतात, सायकल चालली नाही तरी. हे बोलायची मला एकदाही संधी मिळाली नाही. रात्रंदिवस त्या खोलीत होते मी, आणि ते एक वाक्य बोलता आलं नाही."

त्या रडल्या. चाळीस वर्षं वर्गावर उभ्या राहिलेल्या बाईने रडावं तशा, ताठ बसून. मी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होते: ताई, त्यांना कळलं होतं. पण मग पुढचं त्यांनी विचारलं असतं, की कधी कळलं, आणि कळूनही दोन महिने ते आपल्याशी काही बोलले कसे नाहीत. एकाच खोलीत दोन माणसं एकमेकांना जपत गप्प राहिली, हे ऐकून त्यांचं ओझं कमी झालं असतं की वाढलं असतं, याचा मला अंदाज येईना. आणि मी खांबेट्यांनाही शब्द दिला होता.

मी तोंड मिटलं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, की यंदा सव्वीस जानेवारीला पाण्याच्या टेबलावर माणूस हवाय का. मी हो म्हटलं.

आता त्या दरवर्षी येतात. पहाटेच्या थंडीत संत्री सोलून ताटात मांडतात, बाटल्या भरून देतात, कुणाशी फारसं बोलत नाहीत. टेबल आवरून झालं की मी त्यांना गाडीने आनंदनगरला सोडतो. वाटेत दरवेळी मी ठरवतो, की आज सांगायचं. त्या खिडकीबाहेर बघत बसलेल्या असतात. मग त्यांचं फाटक येतं, आणि त्या उतरून, येते हं जयसिंग, म्हणून आत जातात.