तिसऱ्या मजल्यावरची चाचणी

आमच्या इमारतीत कुणाचं काही जुळलं, तर ते आधी मला कळतं. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, आणि कान अजून शाबूत. तळमजल्यावरचे चष्मेवाले काका रोज संध्याकाळी भांग पाडून तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे जाऊ लागले, हे मीच जाहीर केलं. काका सत्तरी ओलांडलेले, बायको गेलेली, दुकान विकलेलं. बाई पंचावन्नच्या, त्याही एकट्या. मुलगा परदेशी, फोन करतो खरा, पण बोलताना त्याचं लक्ष भलतीकडेच. म्हटलं, चला, या इमारतीत काहीतरी हिरवं उगवलं!

खात्री करायला साखर मागायच्या निमित्ताने वर गेले. दार उघडंच. आत प्रेमसंवाद चालला होता तो असा:

"काका, शहरात पाण्याच्या तक्रारी किती, असं साहेबांनी विचारलंय. तुमच्याकडे ही दोन अवजारं. कुठलं उचलाल?"

"हे. 'तक्रारी दाखवतं' असं लिहिलंय. दहा दिसल्या. साहेब, गावात दहाच तक्रारी!"

"अहो, लाखभर आहेत! ते नुसत्या नमुन्याला दहा काढतं."

"मग तसं लिहा की, बाई. मला काय स्वप्न पडणार?"

बाई खूश होऊन खाडाखोड करायला लागल्या. माझी साखर तोंडातच विरघळली.

बाईंचं काम असं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एआयचा मदतनीस बसवलाय. साहेबांनी विचारलं की तो डेटाबेसमध्ये शिरून उत्तर शोधतो. त्यासाठी त्याच्या हाताशी अवजारं असतात, म्हणजे एकेकच काम करणारे छोटे प्रोग्रॅम. पण कुठलं काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही, हे बाई लिहून देतात तेवढंच त्याला ठाऊक. म्हणून पाठवण्याआधी बाई तो मजकूर काकांवर चालवून बघायच्या. अट एकच, काकांनी स्वतःची अक्कल वापरायची नाही. त्यांना ते फारसं जड गेलं नसावं, असं मी खाली सांगितलं.

पूर्वी बाई मिक्सर-पंख्यांबरोबर येणारी माहितीपत्रकं लिहायच्या. ती कोण वाचतंय! "आमच्या ह्यांनी जन्मभर माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही," एकदा म्हणाल्या, "आणि हा मेला मदतनीस शेवटच्या टिंबापर्यंत वाचतो." आम्ही दोघी हसलो.

एक दिवस कचेरीतून निरोप आला की यापुढे चाचण्याही यंत्रच घेईल. हातातला नमुन्याच्या अवजाराचा मजकूर पुरा केला की काकांचं काम संपलं. बाईंनी काकांना सांगितलं. काका "बरं" म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांना काही म्हणजे काही कळेनासं झालं.

"दहा म्हणजे वरच्या दहा, की कुठल्याही?" बाईंनी एक वाक्य वाढवलं. दुसऱ्या दिवशी, "मोजू नका म्हणता, पण बोटांवर मोजलं तर?" आणखी एक वाक्य. "आणि तक्रार करणाराच वारला असेल तर?" होता होता तीन ओळींचं पानभर झालं.

"काका, गिऱ्हाईकाने एवढं विचारलं असतं तर?" मी जिन्यात छेडलं.

"दुकानाबाहेर काढलं असतं," काका म्हणाले आणि रेंगाळत खाली उतरले.

शेवटी बाईंनी ते पानभर कचेरीत धाडलं, आणि तिथल्या पोराचा फोन आला. मी तिथेच होते. राहून गेलेली साखर मागायला. "ताई, मदतनीस पार गोंधळलाय. एवढं वाचून तो नमुन्याच्या अवजाराला हातच लावत नाही, सगळ्या तक्रारी उपसत बसतो. आज जमलं नाही तर साहेब दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणार आहेत."

बाईंनी फोन ठेवला. "काका, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

काका चष्मा पुसत बसले. "तुम्ही लिहिता ते कळतंच, बाई."

"मलाही कळत होतं," बाई म्हणाल्या.

मग वाढवलेलं सगळं एकेक करून पुसलं. उरलं ते मोठ्याने वाचलं: "तक्रारींच्या तक्त्यातल्या दहा ओळी नमुन्यादाखल दाखवतं. तक्रार कशी नोंदवलेली असते हे बघायचं असेल तेव्हा वापरा. एकूण तक्रारी किती, यासाठी वापरू नका. त्याला मोजणीचं अवजार आहे."

"झकास," काका म्हणाले.

पाठवलं. चहा निवायच्या आत उत्तर आलं, चाललं म्हणून. काकांनी चपला शोधायला जरा जास्तच वेळ लावला.

"उद्या काही काम नाही, काका," बाई म्हणाल्या.

"हो, हो. बरोबर."

दुसऱ्या संध्याकाळी काका नेहमीच्याच वेळी चढले. भांग होता. माझ्या दाराशी येऊन थबकले. वर बाईंचं दार किलकिलं होतं, ते मी आधीच वाकून बघून ठेवलेलं.

"जा की काका, दार उघडंय," मी म्हणाले.

"काम नाही म्हणाल्या ना," काका म्हणाले आणि कठड्याला धरून खाली गेले.

काका येऊन गेले, हे मी वर जाऊन सांगायला हवं होतं. एरवी कुठलीही बातमी पोचवायला मला जिना आड येत नाही. त्या दिवशी मात्र मी उंबऱ्यातच उभी राहिले. जिन्यातला दिवा लागेपर्यंत वरचं दार तसंच होतं. मग कडी लागल्याचा आवाज आला.