शिंगाचा पिवळा

"ताई, निळी कड बी झकास दिसू राहिली की. घ्या अन् करा काम चालू."

"निळी न्हाई चालत, नजीरभाई. पिवळीच लागती."

"पिवळीला काय सोनं लागलंय?"

"सोनं न्हाई. मला ती दिसती."

लातुरात क्लासच्या गल्लीत नजीरभाईचं टायपिंगचं दुकान. तिथं शिवकांता क्लासवाल्यांचे पेपर टाईप करती. एका विंडोत प्रश्न, दुसरीत उत्तरं. भूकंपात भिंत अंगावर आली तवा तिचा डावा डोळा गेला, उजवा अंधुक झाला. कोणत्या विंडोत अक्षर पडायलंय ते तिला कळायचं न्हाई.

धाकटा भाऊ सिद्धेश्वर विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत व्हता. त्यानं दुकानच्या कंप्युटरवर अशी सिस्टीम टाकली, की विंडो कशी दिसावी ते एका फाईलीत आपणच लिहायचं. विंडोच्या वरच्या नावाच्या पट्ट्या त्यानं काढून टाकल्या. काम चालू असंल त्या विंडोला बोटभर जाड पिवळी कड, बाकीच्यांना राखाडी.

ही अक्कल त्याला पत्र्याच्या शेडनं दिली व्हती. भूकंपानंतर सगळ्या शेडी एकसारख्या. लहानगा सिद्ध्या मुतायला बाहेर जायचा अन् दुसऱ्याच्याच घरात जाऊन झोपायचा. बैल दबून मेले व्हते, पर पोळ्याला शिंगं रंगवायचा डबा ढिगाऱ्यातून धड निघाला. आईनं चिंधी बुडवली अन् दाराच्या चारी कडा पिवळ्या केल्या. फिरून पोरगं कधी चुकलं न्हाई.

गेल्या साली काविळीनं सिद्धेश्वर गेला. गेल्या आठवड्यात कंप्युटरची डिस्क गेली, तिच्यासंगं फाईलही. नव्या डिस्कवर सिस्टीम तीच टाकली, पर सगळ्या कडा सारख्याच. काल शिवकांतानं उत्तरं प्रश्नांच्याच विंडोत टाईप केली, अन् उत्तरांसकट पेपर पोरांच्या हाती पडला. क्लासचे सर दुकानात येऊन वरडले, "पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडं देतो."

म्हणून आज ती स्वतःच फाईल लिहायला बसली. भावाला लिहिताना पाह्यलं व्हतं. कडेची जाडी जमली. चालू विंडो वळखायची ओळ दोनदा चुकली, मग जमली. राह्यला रंग. आपसूक निळाच येत व्हता. रंगाला आकडा द्यावा लागतो, अन् तो तिनं कधी विचारलाच न्हवता. विचारायचा कशाला, सिद्ध्या व्हता की.

लिंबासारखा झाला. हळदीसारखा झाला. झेंडूसारखा झाला.

"हा?" नजीरभाई मागं उभा.

"न्हाई."

डब्यातला पिवळा जरा तांबूस व्हता. दारावरचा पुढं उन्हानं फिका पडला. सिद्ध्यानं यातला कोणता धरला व्हता? आईला विचारावं, तर तिला दार आठवतं. कंप्युटरवरचा रंग तिनं कधी पाह्यला न्हाई.

शेवटी एका रंगावर शिवकांता थांबली.

"मिळाला म्हणा की, ताई."

"न्हाई मिळाला. पर दिसायलाय."

 नजीरभाईनं फिजिक्सचे हातानं लिहिलेले कागद तिच्या उजव्या अंगाला सरकवले. तिनं प्रश्नांच्या विंडोत क्लिक केलं. कड पिवळी झाली. नाक कागदाला लागंस्तोवर वाकून तिनं पहिला प्रश्न वाचला अन् टाईप करायला लागली.