कोनाड्यातला निर्वंश

ओल्या पाटीचा वास. काळ्या दगडावरून मी ओले फडके फिरवले आणि तो वास आला. शाळेतला, ओळखीचा, तरीही अंगावर शहारा आणणारा.

दगड ह्यांना त्यांच्या मुंबईच्या जुन्या प्राध्यापकांनी दिलेला. हे शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवीत. आदल्या संध्याकाळी त्यांनी तो कौतुकाने कोनाड्यात ठेवला होता. दगडात एक ठसा होता: आखूड देठ, त्यावर बारीक तबकड्यांनी मढवलेला पेला, आणि वर भाताच्या लोंबीसारखे विस्कटलेले हात. समुद्रतळाला धरून राहणारा प्राणी, तारामाशांचा फार प्राचीन नातलग, असे ह्यांनी सांगितले.

"आता कुठे असतात हे?"

"कुठेच नाहीत. सगळे संपले. मागे कोणी उरले नाही."

मला सातवा महिना होता. पहिले मूल याच महिन्यात पोटात निमाले होते. आणि दगड घरात आल्यापासून पोटातले हे बाळही हलले नव्हते. बोलले तर खरे होईल, म्हणून मी गप्प होते. सकाळभर तांदूळ निवडताना श्वास रोखून आत कान लावला होता. आत काही नव्हते.

स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडल्या, "ऐन सर्वपित्रीला, घरात गर्भार सून असताना, हा निर्वंशांना आणून कोनाड्यात बसवतो!"

"आई, तो प्राणी होता. भूत नव्हे."

"मेला ना? पाणी द्यायला मागे कोणी नाही ना? मग झाले!"

हे हसू लागले. तेव्हा माझ्या तोंडून निसटले, "कालपासून हलत नाही हो."

ह्यांचे हसू विझले.

सासरे तर्पणाला बसलेच होते. दर्भ हातात तसाच धरून त्यांनी मुलाला विचारले, "गोत्र?"

"बाबा, त्यांना कुठले…"

"ठाऊक नसेल त्याचे काश्यप." आणि अंगठ्याच्या कडेने तिळाचे पाणी ताम्हणात सुटले, कधी न पाहिलेल्या समुद्रातल्या त्या निपुत्रिकांसाठी. ह्यांनी, विज्ञानाच्या मास्तरांनी, हात जोडले. त्या जोडलेल्या हातांनीच मी सर्वांत जास्त घाबरले.

पाण्याची धार थांबली. सासूबाईंनी पदराला हात पुसून माझ्या पोटावर तळवा ठेवला. गार तळवा. गोठ्यात रेडकू ओरडत होते. त्याला कोणी गप्प करावे, असे वाटले. तळवा खाली सरकला, दाबला गेला, थबकला. त्यांनी मिटलेले डोळे उघडले.

"आहे."