सुट्टी कुठं लागली?

आम्हाला किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. मुरूम गावात ऑटिझम असलेल्या मुलांचा छोटा वर्ग मी घेते. सुट्टी जवळ आली की किस्से आपोआप साठायला लागतात.

मागच्या वर्षी मी वर्गात आनंदानं सांगितलं, "उद्यापासून दिवाळीची सुट्टी लागणार!"

शरणूनं घाबरून गुडघा झाकला. "कुठं लागणार?"

मी हसले. तो मात्र औषधाचा डबा घेऊन आला! पुढं सुट्टीभर तो युनिफॉर्म घालून शाळेच्या बंद गेटपाशी बसायचा. आजोबांना तो अज्जा म्हणतो. तो रडायचा, ओरडायचा, आणि अज्जा त्याला उचलून न्यायचे. "बाई, असली सुट्टी नको आमाला," असं ते मला म्हणाले.

यंदा आम्ही आधीच कंबर कसली. वर्गात सुट्टी 'लागणं' बंद! फोटो दाखवून एकच घोकलं, "सुट्टी येते. मग जाते." शिवाय घंटा, डबा, हजेरी अशी थोडी शाळा प्रत्येकाच्या घरी पाठवली.

*

घरी शाळा भरायची तर घंटा हवी. अज्जांनी देवघरातली वाजवली.

"ही देवाची. शाळेची न्हाय," शरणूनं बजावलं.

मग अज्जा परातीवर लाटणं बडवायला लागले. शेजारी धावत आले, "काय झालं हो अज्जा?"

"काय न्हाय, शाळा भरली!"

*

आमची रेणुका डब्यातलंच खाते. ताट दिसलं की तोंड फिरवते. तिच्या आईनं यंदा फराळ सगळ्यांनाच डब्यात दिला. पाडव्याला थोरल्या लेकीसोबत नवे जावई आले, त्यांनाही डबा!

जावईबापू लई हुशार निघाले. म्हणाले, "मधली सुट्टी कधी होते इथं?"

*

मी घरी चकल्या तळत होते. फोन वाजला. "बाई, हजेरी!"

झारा हातात धरूनच मी विचारलं, "शरणू?"

"हजर!"

मागं आमचे हे मोठ्यानं हसले.

"मागं बोलायचं न्हाय!" शरणूनं थेट माझ्या आवाजात दटावलं. आमचे हे एकदम गप्प! इतक्या वर्षांत मला हे जमलेलं नाही.

*

दिवाळीनंतर शाळा उघडली. शरणू अज्जांचा हात सोडून सरळ आत आला. रडणं नाही, ओरडणं नाही. मला पोराचा इतका अभिमान वाटला की घंटा द्यायचीच विसरले.

गेटपाशी अज्जा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत उभे होते. शरणूनं वळून पाहिलं. वर्गात जाऊन औषधाचा डबा आणला.

"कुठं लागली?"

अज्जांनी छातीवर हात ठेवला.

शरणूनं तिथंच सदऱ्यावर पट्टी चिकटवली, नीट दाबली.

"सुट्टी येते," तो म्हणाला. "मग जाते."