वहिनींची शेवटची ओळ

नवऱ्याला पत्र लिहिताना वहिनी स्वतःला अगदी शेवटी ठेवत. आधी साऱ्या सुलतानपूरची गाऱ्हाणी: शाळेला मास्तर नाही, रॉकेल मिळत नाही, लोणारचा रस्ता उखडला. मग आंतरदेशीय पत्राला डिंक लागतो त्या कडेला एखादी ओळ घरची. पत्र फोडताना नेमकी तीच फाटायची.

महाराष्ट्र नवा होता, आमचे साहेब नवे आमदार होते आणि मी मुंबईत त्यांचा कारकून. साहेब काही वाईट नव्हते, पण बायकोची पत्रं पाहून कंटाळायचे. "हे बी गावचे अर्जच हायेत. तुमीच उत्तर द्या," म्हणायचे. मीही मोठा शहाणा! गाऱ्हाणी त्या त्या खात्याकडे धाडायचो आणि वहिनींना ठरलेलं उत्तर: 'पत्र मिळाले. योग्य ती कार्यवाही होईल.' कोऱ्या कागदांवर साहेबांच्या सह्या तयारच असत.

एकदा कामानिमित्त त्यांच्या घरी गेलो. भाकरी वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, अक्षर लय सुंदर हाये तुमचं."

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"मले पहिल्यापासून माईत हाये. पन कोनी तं वाचते ना? म्हून लिहून राह्यली." त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी त्यांची पत्रं ब्लेडने जपून उघडू लागलो. एका पत्रात शेवटची ओळ होती: 'छातीत गाठ आली आहे. दुखत नाही. अकोल्याच्या डॉक्टरला दाखवायची लाज वाटते. आपण सोबत असावे.'

मी पत्र साहेबांपुढे धरलं. "अधिवेशन सरू द्या," ते म्हणाले. अधिवेशन सरलं, मग दौरा निघाला. वहिनींना धीर यावा म्हणून मी माझ्याच मनाने लिहीत राहिलो, साहेब निघतच आहेत. तीनदा लिहिलं.

साहेब गेले ते थेट अंत्यविधीला. मी सोबत होतो. लोणारचा रस्ता तोवर डांबरी झाला होता, वहिनींच्याच पत्रांवरून. मोटार कुठेही न अडखळता दारात पोचली.

अंगणात वहिनींचा भाऊ भेटला. मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"अकोल्याले नेतो म्हून दोनदा आलतो मी," तो म्हणाला. "नाहीच आली. म्हने, हे येऊन राह्यले. भाऊजीनं लिवलं हाये, ते खोटं नाई लिवत."